सासू हयात असेपर्यंत बंद

छाया,

तुझ्या पुण्यानुमोदनाला फोटो ओळखपत्रावरचाच लावला होता. मी दुसरा शोधायला सांगितलं होतं, पण तुझ्या वहिनीला मोठा करण्याजोगा एकही सापडला नाही. बाकी सगळ्या फोटोंत तू कोणाच्या तरी तोंडासमोर रेकॉर्डर धरून पाठमोरी आहेस. म्हणून मग तोच लागला. पोलिसांनी नुकतंच उचलून आणलंय आणि तू काही केल्या कबूल व्हायची नाहीस, असा चेहरा. समोर मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि मधे तू डोळे वटारलेली. त्रिशरण चालू असताना मला हसू फुटलं. वहिनीला वाटलं हुंदका आला, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. नंतर खरंच हुंदका आला तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

भाषणं झाली. आपल्या विद्यापीठातले एक गृहस्थ म्हणाले, छायाताई अत्यंत मितभाषी होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोण गेलं म्हणून.

तू मितभाषी! तुझे बाबा वडसाला झाडीपट्टीच्या नाटकात पेटी वाजवायचे आणि तू लहानपणी पेटीच्या भात्याशेजारी झोपायचीस. त्यामुळे तुझ्या आवाजाला एकच पट्टी होती, मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारी. माझ्या वाचनकक्षात ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभी राहून तू मला विचारलं होतंस, “काऊन वो, हे पाटी कोणासाठी हाय?” अभ्यास करणारी सगळी पोरं वर बघायला लागली. तीच आपली ओळख.

तेव्हा मी ग्रंथालयात ‘संशोधन डेटा सेवा’ नावाचं टेबल मांडून बसले होते. लोक वर्षानुवर्षं हिंडून मुलाखती, फोटो, मोजमापं गोळा करतात. प्रबंध छापून झाला की तो सगळा कच्चा माल कुठल्यातरी पिशवीत जातो आणि पिशवी माळ्यावर. ते नीट जपून ठेवायचं, नावं-गावं लावायची, पुढच्या माणसाला सापडेल असं करायचं, हे माझं काम. मोठ्या शहरात प्रशिक्षण घेऊन आले होते. टेबलावर पाटी लावली, खुर्ची पुसली, वाट बघत बसले. पाटीवर ‘डेटा’ वाचून एकजण मोबाइलचं रिचार्ज मारायला आला. एका आजोबांना आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करून हवं होतं. संशोधक मात्र एकही नाही. प्राध्यापक मंडळी टेबलाला वळसा घालून वर्तमानपत्रांकडे जात. मी जणू विमा विकायला बसले होते.

आणि मग तू आलीस, काखेत स्टीलचा डबा घेऊन. मला वाटलं जेवायला बसणार. झाकण काढलंस तर आत तांदूळ. त्यात हात घालून तू एकेक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड बाहेर काढायला लागलीस, वालाच्या शेंगा सोलाव्यात तशी.

“हे काय?”

“माह्यं संशोधन. तांदळात सादळत नाई.”

“अहो, पण तांदळात?”

“साधा तांदूळ नोय बाई. एचएमटी हाय.”

त्या डब्यात आरमोरीपासून पुढच्या गावांतल्या बायांची रोवण्याची गाणी होती. धानाची रोवणी करताना चिखलात वाकून बाया जी गातात ती. कोणी सांगून गात नाही, कोणी लिहून ठेवत नाही. तू मराठी विभागातली. त्या गाण्यांतली झाडी बोली, तिचे शब्द तू अनेक पावसाळे गोळा करत होतीस. दुसरा डबा वडसाला वहिनीच्या स्वयंपाकघरात होता. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात हा प्रशिक्षणात शिकलेला पहिला धडा तू मला न विचारताच पाळला होतास, त्यामुळे मी जरा हिरमुसले. पण वहिनीनं एकदा घाईत त्याच डब्यातला तांदूळ कुकरला लावला, आणि एक कार्ड पाहुण्याच्या ताटात निघालं. त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही. तू मात्र शेवटपर्यंत म्हणायचीस, सगळ्यात चांगलं गाणं त्याच्यातच होतं.

आपली भांडणं फायलींच्या नावांवरून सुरू झाली. तुझ्या फायलींची नावं होती: ‘म्हातारी हसते थे’, ‘कोंबडा मधातच’, ‘चांगलं हाय पन बस आली’, ‘फायनल’, ‘हे फायनल’, ‘आता खरंच’. मी म्हटलं, असं चालत नाही. आधी वर्ष, मग गाव, मग गाणारीचं नाव, मग क्रमांक. तू माझी पद्धत शांतपणे ऐकून घेतलीस. म्हणजे तू शांत बसलीस, हे मला तेव्हाच संशयास्पद वाटायला हवं होतं.

“सगळं बराबर हाय,” तू म्हणालीस. “पन याच्यावरून मले कसं समजन का कोंबडा कुठी हाय?”

“कोंबडा कशाला समजायला हवा?”

“कोंबडा आला का पार्वताबाई हसते. हसली का चाल बदलते. चाल बदलली का शब्द बदलते. तुह्या नंबरात हाय का थे?”

शेवटी नोंदीत ‘टीपा’ असा रकाना वाढवला. आपल्या संगणकावरच्या भांडारात आजही कोंबड्यानुसार शोध घेता येतो. ही सोय दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

तू मला म्हणायचीस, तू घुग्घुसची म्हणून अशी. कोळशाच्या धुळीत वाढलेली पोट्टी, सकाळ-संध्याकाळ खिडक्या पुसणारी, तिला जगातली प्रत्येक वस्तू पुसून लेबल लावावीशी वाटते. मी कधी कबूल केलं नाही. पण घरी जाऊन मसाल्याच्या डब्यावरची लेबलं काढली होती. मग जिऱ्याऐवजी ओवा पडला आणि परत लावली.

खरा तंटा सासवांवरून झाला. रोवण्याच्या गाण्यांत बाया सासूचा उद्धार करतात हे मला माहीत होतं. पण तुझ्या गाण्यांतल्या सासवा नाव, आडनाव आणि घराच्या खाणाखुणांसकट होत्या. कोणाची सासू दुधात पाणी घालते, कोणाची लेकीला लपवून तूप देते, कोणाची झोपेचं सोंग घेऊन सुनेचं बोलणं ऐकते. माझा हट्ट, की हे सगळं इंटरनेटवर खुलं करायचं. ज्ञान बंद पेटीत ठेवून काय उपयोग? तू म्हणालीस, “अन् गावात लाठ्या चालल्या तं तू येशीन सोडवाले?”

यावर मी शास्त्रीय तोडगा काढला. जिथे सासूचं नाव येईल तिथे टीं असा आवाज घालायचा. दोन आठवडे बसून घातला. तुला ऐकवला. तू डोळे मिटून पूर्ण ऐकलंस आणि म्हणालीस, “सुनीता, हे गाणं नाई. हा घुग्घुसचा ट्रक मागं येऊन राह्यला.”

मग तू म्हणालीस, ज्यांचं आहे त्यांनाच विचारू. आपण गेलो. आरमोरीपर्यंत एसटी, पुढे तुझ्या ओळखीच्या ऑटोत, माझ्या मांडीवर स्पीकर. समाजमंदिरात बाया जमल्या होत्या. पुढे पार्वताबाई, तुझी लाडकी गाणारी. तिच्याशेजारी तिची सून लता. आणि भिंतीशी टेकून पार्वताबाईची सासू भिवराआजी, जिला ऐकू येत नाही असं सगळ्यांचं मत होतं. गाण्यात दुधात पाणी घालणारी ती हीच. म्हणूनच मी टीं वालं गाणं निर्धास्त लावलं.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच कोपऱ्यातून आवाज आला.

“हे टीं टीं काय वाजून राह्यलं?”

मी तुझ्याकडे पाहिलं, तू छताकडे पाहत होतीस. लतानंच तोंड उघडलं, “आजी, तिथी तुमचं नाव हाय.”

पार्वताबाईनं पदर तोंडाला लावला. आयुष्यभर चिखलात वाकून जे गायलं, ते आता स्पीकरवर, पंख्याखाली, सासूसमोर. मला वाटलं, आता ऑटोवाल्याला हाक मारावी.

“टीं काढ,” भिवराआजी म्हणाली. “पुरं लाव.”

तू तुझ्या डब्यातली मूळ प्रत आणली होतीस. मला न सांगता. ती लावलीस. म्हातारीनं पूर्ण गाणं ऐकलं, मान एकदाही हलली नाही. संपल्यावर सुनेकडे वळून म्हणाली, “हे तं काईच नाई वो. मी माह्या सासूवर याच्याहून जहर गायली होती.”

समाजमंदिर असं हसलं की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. लता लगेच म्हणाली, “आमी बी गातो आता,” आणि पार्वताबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. “कोणावर?” असं तिनं विचारलं नाही. गावात विचारायची गरजच नव्हती.

मग म्हातारीनं निवाडा दिला. “माह्यं नाव राहू दे. पन मी जिती हाय तोवर जगाले ऐकवू नोको. मेल्यावर लाव. मंग मी थोडी ऐकाले येतो?” बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. गेलेल्या सासवांची गाणी आजपासून खुली. हयात असलेल्यांची त्या हयात असेपर्यंत बंद.

येताना तू एसटीत गात होतीस आणि मी घाम पुसत होते. भांडारात एखादी फाइल बंद ठेवायची तर ती कधी उघडणार त्याची तारीख संगणकाला लागते. मी तारीख काय घालू? तू म्हणालीस, “अंदाजे घाल.” मी म्हटलं, छाया, मी एका जिवंत बाईच्या मरणाची अंदाजे तारीख सरकारी सर्व्हरवर घालणार नाही. खूप खटपट करून मी तारखेचा रकाना काढला आणि तिथे शब्द लिहायची सोय केली. लिहिलं: ‘सासू हयात असेपर्यंत बंद’. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं सगळ्यात अचूक वाक्य तेच असावं.

त्यानंतर माझ्या मोबाइलवर फोन यायला लागले. “बाई, आमची म्हातारी गेली.” मी अरेरे म्हणायच्या आत, “तं गाणं उघडून द्या.” एकदा तर पलीकडे रडणं ऐकू येत होतं आणि सून म्हणत होती, नाई नाई, आजच उघडा असं नाई, तेरवी होऊ द्या. मी तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, “तिच्या सासूचा आवाज तिच्याजवळ नाई. गाण्यातल्या शिव्यायत तरी थे हाय.” मी विषय बदलायचा नेहमीचा प्रयत्न केला, की चहा घेऊ.

मग विद्यापीठाची ती मोठी तपासणी आली. किती डेटा खुला, किती बंद, याचे आकडे दाखवायचे होते. समितीवरच्या साहेबांनी आपल्याला बोलावलं. पडद्यावर आपलं भांडार. साहेब चष्मा सरकवून मोठ्यानं वाचत होते, “प्रवेश... सासू... हयात... असेपर्यंत... हे काय आहे?”

मी गोपनीयता, सहभागींची संमती, नैतिक चौकट असं बोलायला लागले. जेवढं बोलले तेवढी चौकट लहान होत गेली. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत सगळं खुलं करा, लोकगीतांत कसली आली गोपनीयता.

तू अगदी गोड आवाजात म्हणालीस, “सर, तुमची सासरवाडी वडसाकडची न?”

“हो. का?”

“नाई, तिथचंबी रेकॉर्डिंग हाय माह्यापाशी. गजब गाणं हाय. नावासकट. लावू का?”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा आहे हे कळल्यावरही प्यायले. मग म्हणाले, संमतीचा मुद्दा महत्त्वाचाच आहे, तसंच राहू द्या. बाहेर व्हरांड्यात मी तुला विचारलं, खरंच आहे का ते गाणं? तू म्हणालीस, “हाय म्हटलं न.” पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तू गेल्यावर मी शोधलं. सगळं भांडार शोधलं. काय निघालं, ते मीही कोणाला सांगणार नाही. फक्त आता साहेब दिसले की मी फार आदरानं नमस्कार करते, आणि ते घाईत असतात.

तुझं दुखणं आलं ते असं मधेच, कोंबड्यासारखं. रक्ताचं दुखणं, नागपूरचं हॉस्पिटल. तिथला तरुण डॉक्टर हिंदीत विचारायचा, दर्द कैसा है? तू त्याला ठणकणं, चमकणं, भणभणणं आणि चुरचुरणं यांतला फरक समजावून द्यायचीस, उदाहरणांसकट. दुसऱ्या आठवड्यात तो राउंडला आला आणि म्हणाला, “बाई, आज ठनक रहा है की चुरचुर?” तू मला फोन करून सांगितलंस, एक पोट्टा तयार झाला. शेजारच्या खाटांवरच्या बायांचं बोलणंही तू रेकॉर्ड करत होतीस. सिस्टरनं रेकॉर्डर काढून घेतला तेव्हा तू तिलाच विचारलंस, तुमचं गाव कोणतं.

शेवटची भेट भांडणातच गेली. माझ्याकडे नोंदीचा एकच रकाना भरायचा राहिला होता. हक्क कोणाचा? मी म्हटलं, तुझं नाव घालते.

“माह्यं काऊन? मी गायली काय?”

“मग कोणाचं?”

“गावाचं लिही.”

“गावाला लिहिता येत नाही. ईमेल लागतो.”

“तं गावाले ईमेल काढून दे.”

“आणि पासवर्ड कोणाकडे राहील?”

“सगळ्या जणीकडं.”

“सगळ्यांकडे असला तर त्याला पासवर्ड म्हणत नाहीत, छाया.”

तू उशीवर डोकं टेकलंस. हात इतका बारीक झाला होता की बांगडी कोपरापर्यंत गेली होती. मला एकदम वाटलं, सोडून द्यावं, हो म्हणावं. पण तुला हो म्हटलं असतं तर तुला कळलं असतं, मी किती घाबरले आहे ते. म्हणून भांडत राहिले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “सुनीता, तू एका ठिकाणी चुकून राह्यली.” तेवढ्यात सिस्टर आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. तू हातानं खूण केलीस, उद्या सांगते.

उद्या तू नव्हतीस.

कुठे चुकतेय मी? मी सगळं तपासून पाहिलं. फायलींची नावं, टीं, ईमेल. मग त्या मोरपंखी साडीवर आले, जी तुला कधी आवडली नाही. मग लग्न न करण्यावर. मग लग्न करण्याच्या विचारावर. तुझी वहिनी म्हणते, ती सगळ्यांनाच असं म्हणायची. असेल. पण सगळ्यांना तू पुढचं सांगायचीस.

गावात तुझी बातमी पोचली नव्हती. फोनवर सांगायला माझी जीभ उचलेना, म्हणून रोवणा सुरू झाल्यावर स्वतःच गेले. बाया बांधीत, धानाच्या चिखलात, वाकलेल्या होत्या. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून सांगितलं. हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी तशीच धरून सगळ्या उभ्या झाल्या. पार्वताबाईनं चिखलाचे हात पाण्यात खळबळले आणि ती धुऱ्यावर येऊन बसली. पलीकडे पळसाखाली भिवराआजी शिदोऱ्या राखत बसली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, “आता इतकं खोदून खोदून कोन पुसन वो?”

मग लतानं सासूकडे पाहिलं. “सांगाचं काय यायले?”

“काय?” मी विचारलं.

“छायाबाईवर गाणं हाय आमचं. पयल्यापासून. थे आली का आमी चूप राहो.”

आणि त्या पुन्हा बांधीत उतरल्या, वाकल्या, आणि गायला लागल्या.

*छायाबाई आली वो बाई, मशीन घेऊन आली,*
*गाणं सांगा म्हणे मले, भाजी चाखून गेली.*
*छायाबाई पुसे वो बाई, शब्दाचा अर्थ काय?*
*चिखलात रुतली चप्पल तिची, आता अर्थ काय?*

लांबलचक गाणं आहे, छाया. तुझ्या छत्रीवर आहे, तुझ्या घोरण्यावर आहे, एसटी चुकल्यावर कोणाकोणाच्या घरी मुक्काम ठोकलास त्यावर आहे. वर्षानुवर्षं त्यांनी ते तुझ्यापासून लपवलं आणि तू त्यांच्यातच बसून त्यांना विचारत होतीस, आणखी काही गाणं आहे का. मी हसत होते आणि पुढचं दिसत नव्हतं. शेवटाला पार्वताबाईनं एकटीनं एक कडवं घेतलं, हळू:

*सासू नाई माय नाई, नात्याची ना कोनी,*
*धुऱ्यावर कोनी दिसलं का, मन म्हणते थेच आली.*

हे जुनं नव्हतं. बाकीच्यांना ते येत नव्हतं, त्या नुसत्या हुंकार देत होत्या.

मी रेकॉर्डर काढला तशी पार्वताबाई ओरडली, “तिथी उभी राहून नाई. उतर खाली. वरून पाहून कोन गाणं घेते?”

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरले. चिखल पोटरीपर्यंत आला. थंड होता. लतानं माझ्या हातात जुडी दिली, कसं लावायचं ते एकदा दाखवलं आणि पुढे सरकली. मी वाकले आणि एकेक काडी रोवायला लागले. नाक गळत होतं, चष्मा घसरत होता, पुसायला हात कोरडा नव्हता. बाकीच्यांचा हुंकार चालूच होता. पुढची ओळ लतानं मान वर न करता उचलली:

*दुसरी आली वो बाई, चष्मा सांभाळत आली,*
*रडता रडता काडी तिनं उलटी रोवून टाकली.*

मी खाली पाहिलं. मुळ्या वर होत्या.